उष्णकटिबंधीय थीम पार्कच्या बांधकामावर काम करताना: माती, पाणी, झाडे आणि मजुरांची नोंद

रेगूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

नागपूर जिल्ह्यातील काटोल आणि कोंढाळी यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात सध्या एका उष्णकटिबंधीय थीम पार्कचे बांधकाम सुरू आहे आणि मी तेथे स्थापत्य पर्यवेक्षक म्हणून काम पाहतो. लाटांचा तलाव, पाण्याच्या घसरगुंड्या, सिमेंटचे डोंगर व त्यांवरून कोसळणारा धबधबा, पामच्या झाडांची राई आणि गवती छपरांच्या झोपड्या असा एकूण आराखडा आहे. कापसाची उलंगवाडी झाली की आसपासच्या गावांतून कामाची चौकशी करणारे येऊ लागतात. रोजी किती आणि चुकारा कोणत्या वारी, एवढे विचारून ते कामाला लागतात. पार्क उभा राहील तेव्हा त्यांच्या हाती एखादे कसब आणि एखादा अधिकृत कागद असावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. त्या दृष्टीने जाणकारांशी बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम जमिनीविषयी लिहितो, कारण अशा प्रकल्पातले निम्मे कष्ट पाहुण्यांना कधीच न दिसणाऱ्या भागावर खर्च होतात. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. घराची भिंत तडकली तर ती लिंपता येते. तलावाचा तळ तडकला तर मात्र पाणी खाली झिरपते, त्या पाण्याने खालची माती आणखी फुगते आणि फुगलेली माती तळाला पुन्हा वर रेटते. म्हणून मुरूम लागेपर्यंत काळी माती काढून टाकली, आणि भराव घालताना मुरुमाचा प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबून घेतला. हे सारे उन्हाळ्यातच उरकावे लागते, कारण मृग लागल्यावर त्या मातीत बैलबंडीसुद्धा चालत नाही, मग डंपर कुठला चालणार?

तलावाचा तळ आणि भिंत जेथे मिळतात, त्या सांध्यात पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी बसवतात. तिचा अर्धा भाग तळाच्या काँक्रीटमध्ये आणि अर्धा भिंतीच्या काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. काँक्रीट ओतताना ती आडवी झाली किंवा तिच्याखाली पोकळी राहिली, तर गळती ठरलेली आणि नंतर त्यावर चांगला इलाज नाही. म्हणून ओतकाम चालू असताना एक माणूस फक्त त्या पट्टीवर नजर ठेवून असतो. सध्या ही जबाबदारी ज्या मुलाकडे आहे तो पूर्वी संत्र्याच्या कलमा बांधत असे. बारीक काम डोळ्यांत तेल घालून करण्याची सवय त्याला आधीपासूनच आहे, आणि मला वाटते की आपल्या भागातल्या माणसांजवळ असे पुष्कळ काही आहे, ज्याची हजेरीपटात ‘बिगारी’ एवढीच नोंद होते.

काळ्या मातीविषयी आणि येथे टिकतील अशा झाडांविषयी ज्यांना अनुभव आहे, तसेच बांधकाम मजुरांची नोंदणी ज्यांनी प्रत्यक्ष करून घेतली आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वर्धाकाठ

रेगूर भाऊ, विषय महत्त्वाचा आहे. मी पाटबंधाऱ्याच्या कामांवर नोकरी केली असल्याने काळ्या मातीशी माझा जवळचा संबंध आला आहे.

आपण घातलेला मुरूम कोणत्या गुणाचा आहे, ते एकदा तपासून घ्यावे. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा पुरेसा जाड थर दिला, तर खालचा फुगवटा आवरला जातो, हे मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आले आणि कालव्यांच्या कामात ही पद्धत रूढ झाली. मुरूम निव्वळ रेताड असेल, तर पाणी त्यात साठून राहते आणि सावकाश खालच्या काळ्या मातीला मिळत राहते, त्यामुळे भराव घालूनही त्रास चालूच राहतो. घसरगुंड्यांच्या मनोऱ्यांसाठी बुडाशी रुंद केलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, वापरावेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते अशाच जमिनीसाठी विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खोलीवर ऋतुमानाप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही आणि पाइलचा रुंद भाग तेथे घट्ट रुतून राहतो.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. बांधून झालेला तलाव पावसाळ्यात रिकामा ठेवू नका. खोदाईच्या कडेने भरलेली माती सैल असते, तीत पावसाचे पाणी उतरते आणि तलावाभोवती पाण्याची पातळी चढते. बाहेरचे पाणी तळापेक्षा एक मीटर वर आले, तर दर चौरस मीटरवर एक टन उचल बसते. 20 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन मात्र दर चौरस मीटरला अर्धा टनच भरते. भिंतींचा भार मध्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तळ मधोमध वर उचलला जाऊन फाटतो. तळाखाली गिट्टीचा निचरा-थर, त्याला जोडलेली विहीर आणि तीवर कायम चालू स्थितीतला पंप, एवढी व्यवस्था आषाढाच्या आत व्हायला हवी. गळतीची चाचणी घेण्यासाठी तलाव भरावाच लागतो. ती चाचणी जूनच्या सुरुवातीला घेतली, तर भरलेले पाणी तसेच ठेवून दोन्ही कामे साधतील.

उन्हाळ्यातल्या ओतकामाविषयीही लिहितो. हवेचे तापमान 40 अंशांच्या वर असताना केलेले काँक्रीटकाम भारतीय मानकांनुसार उष्ण हवामानातले काम ठरते आणि त्याला वेगळी काळजी लागते. नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांची नोंद झाली होती, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात ही मर्यादा जवळजवळ रोजच ओलांडली जाते. ओतकाम रात्री करावे, गिट्टीवर आधी पाणी मारून ती थंड करावी आणि काँक्रीटवर अंथरलेली तरटे सतत ओली राहतील असे पाहावे. राख किंवा स्लॅग मिसळलेले मिश्र सिमेंट असेल, तर अशा हवेत 14 दिवस पाणी मारणे सोडू नये.

संत्राबाग

माझी बाग याच पट्ट्यात आहे, त्यामुळे मी शेतकरी म्हणून विचारतो. या तलावाला पाणी कोठून आणणार? वरूडकडचा भाग बोअरवेलच्या अतिउपशामुळे ड्राय झोन म्हणून सगळ्यांना ठाऊक झाला आहे आणि तेथे संत्र्याच्या उभ्या बागा वाळताना आम्ही पाहिल्या आहेत. उन्हाळ्यात आंबिया बहराची फळे झाडावर असतात, त्याच वेळी आमच्या विहिरी तळाला लागतात आणि नेमका तोच पार्कचा हंगाम असतो. माझा पार्कला विरोध नाही, माझ्या धुऱ्याशेजारची मुले तेथे कामाला आहेत. मात्र पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला गेला पाहिजे, आणि तो बांधकाम चालू असतानाच मांडला गेला पाहिजे, कारण नंतर नळ जोडले गेल्यावर कोण कोणाला विचारतो?

मानवेल

मी चंद्रपूर जिल्ह्यात रोपवाटिका आणि बांबूचे काम करतो.

अशा पार्कसाठी रॉयल पाम, फॉक्सटेल पाम अशी मोठी झाडे बहुधा आंध्रातील कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात. ती गोदावरीच्या दमट हवेत वाढलेली असतात. आपल्याकडच्या वैशाखात हवेतला ओलावा अगदी कमी होतो, गरम वारे सुटतात आणि त्यांच्या पानांची टोके करपून जातात. शिवाय संत्रापट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीत चुनखडीचे प्रमाण जास्त असते. तेथे लोह मुळांना मिळत नाही आणि नवी पालवी पिवळी पडते, हे बागाईतदारांना वेगळे सांगायला नको. पाम लावायचाच असेल, तर खड्डा मोठा घ्यावा, काढलेली माती परत त्यात घालू नये आणि पहिले दोन उन्हाळे हिरव्या जाळीची सावली द्यावी.

माझा खरा आग्रह मात्र वेगळा आहे. विदर्भ कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे, म्हणजे आपण उष्णकटिबंधातच राहतो, आणि आपले पानगळीचे जंगल हे उष्णकटिबंधीय जंगलच आहे. बोर आणि पेंच हे व्याघ्रप्रकल्प तुमच्यापासून दूर नाहीत. ओढ्याकाठी शिंदीची झाडे आहेत, गडचिरोलीकडे ताड आणि त्याच्याच कुळातला गोरगा आहे, फाल्गुनात पळस फुलतो, चैत्रात कुसुमाची तांबडी पालवी येते. हे सारे सोडून दूरच्या बेटाचे चित्र येथे का उभारायचे, हे मला अजून उमगलेले नाही.

झोपड्यांसाठी बांबू वापरणार असाल, तर तो पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत तोडलेला घ्यावा आणि बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवून सुकवावा, नाहीतर घुण लागून वर्षभरात भुगा पडू लागतो. हा उपचार पावसाने धुऊन जातो, म्हणून बांबूचे बूड मातीत न पुरता काँक्रीटच्या ओट्यावर टेकवावे आणि छपराच्या वळचणी लांब ठेवाव्यात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे तुमच्या मुलांना शिकता येईल.

गवती छपरांच्या जवळ वेल्डिंग चालू देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. राजकोटच्या गेम झोनमध्ये 25 मे 2024 रोजी जी आग लागली, ती वेल्डिंगच्या ठिणग्यांनी लागली आणि तीत पंचवीसहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. लोखंडाचे सगळे काम आटोपल्यावरच छपर चढवावे.

दूरदेशी

मी मूळचा हिंगणघाटचा आणि सध्या जर्मनीत इमारतींच्या वातानुकूलनाचे काम करतो. मानवेल भाऊंच्या प्रश्नाला धरून दोन उदाहरणे देतो.

बर्लिनच्या दक्षिणेस सुमारे 60 किलोमीटरवर ‘ट्रॉपिकल आयलंड्स’ नावाचे थीम पार्क आहे. हलक्या वायूच्या बळावर तरंगणारी हवाई जहाजे बांधू पाहणाऱ्या एका कंपनीच्या कारखान्याच्या दालनात ते उभारलेले आहे. त्या कंपनीचे दिवाळे 2002 साली निघाले आणि 2004 च्या डिसेंबरात तेथे पार्क सुरू झाले. दालन 360 मीटर लांब, 210 मीटर रुंद आणि 107 मीटर उंच आहे. दक्षिणेकडच्या छपराला पारदर्शक फिल्म बसवून आतल्या झाडांना सूर्यप्रकाश दिला जातो आणि आतले तापमान बारा महिने 26 अंशांच्या आसपास राखले जाते. बाहेर बर्फ पडत असताना लोक पैसे देऊन आत जातात, म्हणून तो सारा खटाटोप त्यांना परवडतो.

दुसरे उदाहरण जपानमधील मियाझाकीच्या ‘ओशन डोम’चे. सरकत्या छपराच्या 300 मीटर लांबीच्या इमारतीतला तो कृत्रिम किनारा 1993 साली सुरू झाला आणि 2007 साली बंद पडला. खरा समुद्र तेथून थोड्याच अंतरावर होता. पार्क बंद पडण्याची कारणे अनेक असतात, पण जे शेजारी फुकट आहे त्याचीच प्रतिकृती भारी खर्चाने चालवणे अवघड असते, असे मला वाटते.

काटोलजवळ समुद्र नाही, त्यामुळे लाटांच्या तलावाचे आकर्षण राहणारच. वैशाखात माणसांना पाणी आणि सावली हवी असते. जेथे पैसा घालायचा तेथे तो या दोन गोष्टींवर घालावा.

पळसफूल

मी अशाच एका पार्कवर दगडकाम केले आहे, म्हणजे सिमेंटच्या कृत्रिम खडकांचे काम. वेचणी संपल्यावर आम्ही गावातल्या काही बाया सिमेंटचा मसाला वाहायला गेलो आणि तेथेच मी ते काम शिकले, म्हणून रेगूर भाऊंच्या प्रश्नावर मला अधिकाराने लिहिता येईल.

आधी सळई वाकवून डोंगराचा सांगाडा बांधतात, त्यावर बारीक जाळी तारेने आवळतात आणि सिमेंटच्या मसाल्याचा पहिला हात देऊन तो खरबरीत ठेवतात. खरे काम दुसऱ्या हाताचे असते. मसाला ओला आहे तोवर त्यात भेगा, कपारी आणि कंगोरे कोरून घ्यावे लागतात, आणि उन्हाळ्यात तो इतक्या लवकर आवळतो की आम्ही झुंजुमुंजू होण्याच्या आधी सुरुवात करत असू. जाड प्लास्टिकचा कागद चुरगळून ओल्या मसाल्यावर दाबला की दगडाचा पोत उमटतो, मग कडक ब्रशने कडा मारायच्या, आणि पूर्ण वाळल्यावर पातळ रंगाचे पाणी वरून ओघळू द्यायचे म्हणजे ते भेगांत जाऊन बसते. आमच्या मिस्त्रीजवळ कुठल्याशा समुद्रकाठच्या पांढऱ्या खडकाचे चित्र होते. मला ते खडक जमेनात, कारण मी ते कधी पाहिले नव्हते. आमच्या नाल्यातला काळा दगड मात्र लहानपणापासून पाहिलेला. तो कांद्यासारखा गोल पापुद्र्यांनी सुटतो. एका कोपऱ्यात तसा खडक करून दाखवला, तेव्हा मिस्त्रीने जवळ येऊन बोटाने एक पापुद्रा सुटतो का ते पाहिले आणि धबधब्याची सबंध डावी बाजू माझ्याकडे सोपवली.

हजेरीपटात माझे नाव शेवटपर्यंत बिगारी म्हणूनच राहिले आणि रोजीही त्याचीच मिळाली. ठेकेदाराने कामाचा दाखला दिला नाही, त्यामुळे बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला माझ्याजवळ कागद नव्हता. हातमोजे आणि मास्कविषयीही लिहिते, कारण घसरगुंड्यांच्या फायबरचे घासकाम जी मुले करत, त्यांच्या अंगाला रात्रभर खाज सुटायची आणि राळेच्या वासाने डोके धरायचे. फायबर किंवा सिमेंट घासणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर बांधायला साधा दुपट्टा न देता चांगला मास्क द्यावा, कारण ती धूळ छातीत बसते ती कायमची.

हजेरीपट

पळसफूल ताई, आपण फार मोलाचे लिहिलेत. नोंदणीविषयी मला जे माहीत आहे ते सांगतो.

बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्याने जी व्यवस्था सुरू झाली, तीत 18 ते 60 वर्षे वयाच्या आणि मागील 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला राज्याच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणासाठीचे आणि आजारपणातले साहाय्य त्या नोंदणीवरच मिळते. या मंडळाचा निधी बांधकामाच्या खर्चावर लावलेल्या एक टक्का उपकरातून येतो. म्हणजे आपण ज्या पार्कवर घाम गाळतो, त्याच्याच खर्चातला तो पैसा असतो आणि तो मागण्यात संकोच बाळगण्याचे काही कारण नाही. 90 दिवसांचा दाखला ठेकेदाराने द्यावा, आणि त्याने तो दिला नाही तर खेड्यात ग्रामसेवकाकडून मिळवता येतो. ग्रामसेवक पुरावा मागतात, म्हणून हजेरीचे पान, चुकाऱ्याची पावती, कामावरचा फोटो, जे असेल ते जपून ठेवावे. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील, तर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असले पाहिजे, हेही त्याच कायद्यात होते. रेगूर भाऊ, आपल्या कामावर ते आहे का?

रेगूर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. पाळणाघर अजून नाही. बायांची संख्या पन्नासच्या वर गेली आहे, त्यामुळे गोदामालगतची पत्र्याची खोली त्यासाठी मागितली आहे. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात लेकरे ठेवता येणार नाहीत, म्हणून वर तुऱ्हाट्यांचा जाड थर आणि आत कूलर लावून घेणार आहे.

वर्धाकाठ काका, मुरुमाचा नमुना तपासणीला पाठवतो आणि निचऱ्याच्या विहिरीचे काम तलावाच्या भिंतींच्या आधी घेतो.

मानवेल भाऊ, आपल्या सगळ्या म्हणण्याशी मी सहमत नाही. आपले जंगल मलाही प्रिय आहे, परंतु पार्कला गर्दी होते ती एप्रिल ते जून या काळात, आणि नेमका तेव्हाच साग व सालई उघडी पडलेली असते. डोक्यावर ऊन घेऊन कोणी झाडांची नावे वाचत फिरणार नाही. तरीही आपल्याकडच्या झाडांतून भर वैशाखात सावली देणारी निवडता येतात. करंजाला तेव्हाच नवी दाट पालवी असते, आणि जांभूळ, उंबर व ओढ्याकाठचा कहू म्हणजे अर्जुनही हिरवे राहतात. प्रवेशद्वाराशी आणि तलावाच्या काठी थोडे पाम ठेवावेत, आणि रांगेत उभे राहण्याच्या व बसण्याच्या सगळ्या जागांवर करंज आणि जांभूळ लावावेत, असा प्रस्ताव मी मालकांपुढे ठेवणार आहे. पळसाला कुंपणाच्या कडेची पडीक जागा पुरते.

संत्राबाग भाऊ, पाण्याचा हिशेब येथेच मांडतो. तलावाचा पृष्ठभाग हजार चौरस मीटर आणि सरासरी खोली सव्वा मीटर धरली, तर एकदा भरण्यास साडेबारा लाख लिटर पाणी लागते. मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडते असे धरले, तर रोज दहा हजार लिटर वाढवावे लागते, आणि गाळण्या धुण्याचे पाणी त्याहून वेगळे. उलट बाजूने पाहिले, तर नागपूर भागात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दोन हजार चौरस मीटर छपरांवरचे पाणी गोळा केले आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी सोळा लाख लिटर हाती येते. ते साठवण्यासाठी शेततळे आराखड्यात आहे, पण खर्च वाचवण्यासाठी ते दुसऱ्या टप्प्यात ढकलले गेले आहे. ते पहिल्या टप्प्यात यावे यासाठी ग्रामसभेचा ठराव माझ्या शब्दापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

संत्राबाग

ठराव मांडण्याची जबाबदारी मी घेतो. रोजचे दहा हजार लिटर तुम्ही बोअरवेलमधून न घेता शेततळ्यातून घेणार, आणि गाळणीचे पाणी क्लोरीन उडाल्यावर झाडांना देणार, हे दोन्ही त्यात लिहून घेऊ. शेततळ्यावर आच्छादन टाकले नाही, तर तेथूनही तसेच पाणी उडेल, याचाही विचार व्हावा.

पळसफूल

रेगूर भाऊ, तुमच्याकडे धबधब्याचे खडक अजून व्हायचे असतील, तर आम्ही चौघी यायला तयार आहोत. हजेरीपटात ‘दगडकाम कारागीर’ अशी नोंद हवी आणि रोजी त्याप्रमाणे हवी. नव्या मुलींना शिकवायची माझी तयारी आहे, पण त्यांची नोंदही पहिल्या दिवसापासून झाली पाहिजे.

रेगूर (धागाकर्ता)

ताई, खडकांचे काम दिवाळीनंतर सुरू होईल आणि आपली अट मला मान्य आहे. ठेकेदाराशी कालच बोलणे झाले. यापुढे हजेरीपटात प्रत्येकाच्या नावापुढे कामाचा प्रकार लिहिला जाईल आणि दर महिन्याच्या अखेरीस त्याची सही-शिक्क्याची प्रत ज्याची त्याला मिळेल. ज्यांचे 90 दिवस भरले आहेत, त्यांचे अर्ज येत्या रविवारी सकाळी ग्रामपंचायतीत भरून घेणार आहोत. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि राहण्याचा पुरावा सोबत आणावा. शेजारच्या गावांतल्या कोणाला हे कळवता आले, तर अवश्य कळवावे.